पितळेचं बटण

देवळाली प्रवरेत, राहुरीच्या रस्त्याला, महेंद्र साळवेचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे चार पत्रे, लिंबाची सावली आणि शेजारच्या रसवंतीच्या घुंगरांचा आवाज. नव्या गाड्या गावात कुणीही खोलत असे, पण सुटे भाग मिळत नाहीत अशी एखादी जुनी गाडी आली की लोक म्हणत, "महेंद्रकडं टाका, तो बोटांनी बघतो."

ते खरंच होतं. कार्बोरेटरमधली इवलीशी सुई तो बोटाच्या पेरावर फिरवायचा आणि कुठं झिजलीय ते सांगायचा. नगरला एका उस्तादाच्या हाताखाली बरेच टपले खाऊन त्याने ही कला मिळवली होती. पण बोटांनी बघायचं हे अलीकडं नुसतं कौतुक राहिलं नव्हतं. त्याला डोळ्यांनी नीट दिसेनासं झालं होतं.

महेंद्रचा जन्म त्याचा बाप सहादू याने नागपूरला जाऊन दीक्षा घेतली त्याच्या पुढच्या वर्षीचा. त्यामुळं त्याचं वय घरात कुणाला आठवावं लागत नसे. सत्त्याण्णव साली त्याने चाळिशी गाठली आणि चाळिशीनंही त्याला गाठलं. बायकोने, दीपाने, निवडायला दिलेल्या तांदळात खडे तसेच राहू लागले.

"चष्मा घ्या की," ती म्हणायची. "लोकं काय चष्मा लावत न्हाईत?"

"मेकॅनिकच्या नाकावर चष्मा दिसला की गिऱ्हाईक गाडी वळवून नेतं, दीपे."

"मग माजा दादा म्हनतोय ती नोकरी धरा. फॅक्टरीच्या गेटावर नुसतं बसायचं तर हाय."

महेंद्र उठून गॅरेजात जायचा. नुसतं बसायचं, यातच सगळं आलं होतं.

अशात नृसिंह सरांची मोटरसायकल त्याच्याकडं आली. सर गावातल्या शाळेतून निवृत्त झालेले, गणिताचे. ही इंग्रजी गाडी त्यांनी तरुणपणी नगरला लष्कराच्या लिलावात घेतली होती आणि ती बरीच वर्षं मागच्या पडवीत गोणपाटाखाली पडून होती. मरायच्या आधी तिचा आवाज एकदा ऐकायचा, असं सर म्हणत. "आधी कुणाच्या?" असं त्यांच्या पत्नी सरोजिनीबाई विचारत.

महेंद्रने कार्बोरेटर उकळून काढला. त्याच्यात फ्लोट असतो. फ्लोट म्हणजे पितळेची पोकळ डबी. पेट्रोल भरलं की ती तरंगत वर येते आणि तिच्या मधोमध बसवलेली सुई पेट्रोलची वाट बंद करते. गरम पाण्यात बुडवल्यावर डबीतून बुडबुडे आले, तेव्हा त्याने भोकाला कथलाचा डाग दिला आणि डबी जड होऊ नये म्हणून जादाचा डाग कानशीनं उतरवला. सुई दातांच्या पांढऱ्या पावडरीत फिरवून फिरवून बसवली. वर झाकणावर एक पितळेचं बटण होतं. गार इंजिन सुरू करताना ते दाबायचं, मग डबी खाली दबून थोडं जादा पेट्रोल येतं. तेही काळं ठिक्कर पडलं होतं, ते त्याने पिवळं केलं. गाडी रात्रभर वर्तमानपत्रावर उभी केली. सकाळी कागद कोरडा ठणठणीत.

गाडी सरांच्या पुढच्या ओसरीवर गेली आणि आठवडा व्हायच्या आत निरोप आला : पेट्रोल गळतंय.

त्याने वायसर बदलला. गाडी गॅरेजात कोरडी, ओसरीवर ओली. सुई पुन्हा घासून बसवली. पुन्हा तेच. ओसरीला उतार असेल म्हणून त्याने फरशीवर पाण्याची वाटी ठेवून पाहिली. पाणी काठोकाठ सारखं. मग राहिली सुईच. सुई बोटाला गुळगुळीत लागते, पण बोटाला न कळणारी एखादी चीर तिच्यावर असणार आणि आपल्याला ती दिसत नाही. दुसरं काय असणार?

एका गुरुवारी पुन्हा निरोप आला, तेव्हा तो पाने पिशवीत टाकून निघाला. "आज जर सुईच गळकी निघाली," तो दीपाला म्हणाला, "तर तुज्या दादाला सांग, येतो गेटावर." पिशवी उचलताना आज आपलं पितळ उघडं पडणार, असं त्याला वाटत होतं.

ओसरीवर सरोजिनीबाई कमरेवर हात देऊन उभ्या होत्या. "ये बाबा. आतल्या खोलीत देव आहेत. या वासात मी दिवा लावायचा कसा? या वेळी थांबलं नाही, तर मी भंगारवाल्याला हाक मारणार आहे. गाडी तरी जाईल, नाहीतर हे तरी."

"मला किलोवर घेणार नाहीत," सर वर्तमानपत्रामागून म्हणाले.

महेंद्रने खाली वाकून पाहिलं. फरशीवर ओला डाग होता. पण कार्बोरेटरचं बूड पुसून बोट लावलं, तर ते कोरडं. टाकीखालचा पेट्रोलचा कॉक, म्हणजे चावी, उघडाच होता. सर रोज सकाळी चहा झाल्यावर दोन मिनिटं इंजिन ऐकत आणि कॉक बंद करायला विसरत. कॉक उघडा आणि तरी थेंब नाही.

"काकू, बघा, आता गळत न्हाई."

"मग ते काय मी ओतलं?"

कॉक बंद करून त्याने झाकण उघडलं, सुई काढली आणि उजेडाकडं धरली. आधी जवळ, मग लांब, मग हात पुरेना इतकी लांब.

सर वर्तमानपत्र खाली घेऊन पाहत होते. "महेंद्र, अरे, हात अजून किती लांब करशील? राहुरीपर्यंत जाईल तो. हा घे." त्यांनी आपला जवळचा चष्मा काढून पुढं केला.

"नको सर, दिसतंय मला."

"मलाही दिसत होतं. भाजीतल्या झुरळाला मी मोहरी म्हणायचो."

"शी!" सरोजिनीबाई म्हणाल्या. "माझ्या भाजीत कधी होतं झुरळ?"

चष्मा लावला की चीर दिसणार आणि मग सगळं संपलं. पण दोघं त्याच्याकडंच बघत होते. त्याने चष्मा नाकावर चढवला.

सुई एकदम मोठी होऊन जवळ आली. तिच्या निमुळत्या अंगावर चारी बाजूंनी सारखी, करकरीत, चांदीसारखी चमकणारी एक कडी होती. कुठं चीर नाही, कुठं खाच नाही. त्याने ती तीन-तीनदा फिरवून पाहिली. न दिसता केलेलं काम दिसणाऱ्यालाही जमलं नसतं असं झालं होतं.

छातीवरचं ओझं उतरलं, पण कोडं तसंच राहिलं. चष्मा नाकावर होताच, म्हणून तो झाकणाकडं वळला. पितळेचं बटण लखलखत होतं. इतकं की त्याला नवल वाटलं. आपण याला एवढं कधी घासलं नव्हतं. आणि बटणाच्या खाचेत काहीतरी तपकिरी अडकलं होतं. त्याने नखाने ते ओढून काढलं. बारीक शीर होती. नाकाशी नेली. पेट्रोलच्या वासातूनही आंबट वास आला.

"काकू," तो हळूच म्हणाला, "हितं चिंच कशी आली?"

सरोजिनीबाई पदर सावरत म्हणाल्या, "देवाची भांडी घासते ना गुरुवारी. उरलेल्या चिंचेनं तेवढं ते बटण घासते. तू चकचकीत करून आणलंस आणि मग काळं पडायला लागलं. दारात येणाऱ्याला आधी तेच दिसतं. बरं, घासायला बसलं की नेमका तिथंच वास मारतो बघ!"

"जोर लावून घासता?"

"पितळ आहे ते. जोर लावल्याशिवाय निघतंय होय?"

महेंद्रने सुई आणि झाकण बसवलं, कॉक उघडला आणि बटणावर बोट टेकवून घासल्यासारखं केलं. खालून टप टप टप थेंब पडले. बोट उचललं. थेंब थांबले.

मग सर इतके हसले की त्यांना ठसका लागला. "म्हणजे पितळ उघडं पडलं!"

"मीच घासून उघडं पाडलं," सरोजिनीबाई लाल होत म्हणाल्या. "यात गाडीचा काय दोष?"

सरांचं हसू ओसरलं. ते बायकोकडं वेगळंच बघू लागले. "तू तर हिला भंगारात देणार होतीस ना?"

"गळली तर देणार होते," त्या म्हणाल्या. "आता कुठं गळतेय?" आणि चहा टाकायला आत गेल्या.

निघताना महेंद्रने सरोजिनीबाईंना कॉक दाखवला. "काकू, ही चावी आधी बंद करायची, मग पाहिजे तेवढं घासायचं." त्यांनी लगेच सरांकडं पाहिलं. "यांना दाखव आधी. घरातला एक दिवा बंद करायचं यांच्या ध्यानात राहत नाही!"

चष्मा परत देताना महेंद्रचे हात क्षणभर रेंगाळले. सर म्हणाले, "राहुरीला बसस्टँडपाशी बनवून देतात. माझाही तिथलाच आहे."

गॅरेजात तो आला तेव्हा दीपा डबा घेऊन लिंबाखाली थांबलेली होती. त्याचं तोंड पाहून तिला काहीच अंदाज येईना. तो एकटाच हसत होता.

"मग? दादाला काय निरोप धाडू?"

"धाड ना," महेंद्र म्हणाला. "म्हनावं, त्यो काय गेटावर येत न्हाई. जेवून राहुरीला चाललाय, चाळिशी आनायला."