रक्तातल्या खुणा आणि काष्टीची हळद

डॉ. नलिनीताईंना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा त्या संगमनेरच्या आपल्या दवाखान्यात खिडकीशी उभ्या राहून रक्ताची नळी कोवळ्या उन्हात न्याहाळत होत्या. बाहेर प्रवरेवरचं धुकं विरत होतं. माझ्या पुतणीला, स्नेहलला, सोरायसिस. तिला घेऊन आम्ही उभे, आणि बाईंना पत्ताच नाही. नाडीवाले संपले, आता नळीत भविष्य पाहणारे आले, असं मला वाटून गेलं.

ताईंचं सारं संशोधन त्या नळीतच. त्या म्हणाल्या, "जनुकं जन्माची असतात. पण त्यांच्यावर बारीक रासायनिक खुणा बसतात, बदलतात. आजार उसळतो तेव्हा रक्तात त्या कशा दिसतात, ते शोधतेय."

"सापडलं?"

"अंधुक दिसतंय. खात्री नाही."

आपल्या जिल्ह्यात चहाच्या टपरीवरही सगळ्यांना सगळ्याची खात्री असते, मी चक्रावलोच.

स्नेहलनं संशोधनासाठी रक्त दिलं. काष्टीला, तिच्या होणाऱ्या सासरी, बातमी पोचली ती अशी : पोरीच्या रक्तातच खोट हाय. अंगावरचे चट्टे पाहून ज्यांनी साखरपुडा केला, ते न पाहिलेल्या रक्ताला घाबरले. निरोप आला, "थांबा."

स्नेहलला विचारून ताई माझ्यासोबत एसटीनं काष्टीला आल्या. होणाऱ्या सासूबाई, सखूबाई, ओट्यावर ज्वारी पाखडत होत्या.

"डाक्टरीनबाई, खरं सांगा. रगात नासलंय का?"

"रक्त चांगलं आहे. हा आजार शिवल्यानं लागत नाही."

"आन् नातवंडांना?"

आता तरी ठणकावून नाही म्हणा, असं मी मनात विनवत होतो.

"होऊ शकतो," ताई म्हणाल्या. "बहुतेक होणार नाही. झाला तर औषधं आहेत, मी आहे."

सूप थांबलं. निंबाची सावली ओट्यावर हलत राहिली. दुपार जणू पाण्याखाली गेली होती.

"न्हाईच व्हनार म्हनला असता," सखूबाई म्हणाल्या, "तर च्या पाजून वाटंला लावलं असतं. लग्नाला या. पोरीला पयली हळद तुमीच लावा."

ताईंनी लावली, चट्टे अलगद चुकवत. बाकीच्या बायकांना दटावलंही, "चोळू नका गं, उसळेल!" मग सखूबाईंनी स्नेहलच्या दंडावरच्या चट्ट्यालगतची हळद बोटानं निपटून स्वतःच्या गालाला लावली.

ताई आज पंचाहत्तरीत पदार्पण करत आहेत आणि स्नेहलला दिवस गेलेत. बाळाच्या अंगावर काही उमटलं तर दाखवायला, न उमटलं तर नुसतंच मांडीवर द्यायला, आम्हांला ताई हव्यात. म्हणून त्यांना धडधाकट, भरपूर आयुष्य लाभो.