चाळीस वर्षं गोडाची गौर

"अगं बाई, गौरीपुढे चिंबोऱ्या!" लेलेवहिनी दारातच थबकल्या. त्यांच्या मागे मराठी मंडळाच्या आणखी तिघी, हळदीकुंकवाला आलेल्या. मी केळीच्या पानावर चिंबोऱ्यांचं कालवण आणि वडे वाढून नुकतेच हात जोडले होते. शेजारच्या गणपतीला दिसू नये म्हणून मधे पडदाही ओढला होता. लेलेवहिनी म्हणाल्या, "मोरेवहिनी, तुम्ही तर पार बंगालीच झालात की!" बाकीच्या हसल्या.

ही आमची रत्नागिरीची रीत, तिखटाची गौर, एवढं सांगायचं होतं. पण त्या बँकेतल्या साहेबांच्या बायका आणि मी चौथी शिकलेली. मी देवीपुढचं पान उचललं आणि आत नेऊन ठेवलं.

लग्न होऊन निघाले तेव्हा आई एवढंच म्हणाली होती, "लांब चाललीस, पण गौरीला घरचं जेवू घाल." नवरा इकडे बंगालमध्ये, गार्डन रीचला जहाजाच्या कारखान्यात फिटर. ते पान उचललं त्याच्या पुढच्या वर्षापासून मी पुरणपोळ्या केल्या. लेलेवहिनींनी कृती विचारली. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू? मंडळात मला बसायला पुढची खुर्ची मिळू लागली.

मुलाने, संजयने, बंगाली मुलगी केली. मिठू. गेल्या वर्षी गावाहून भावजयीने मोबाईलवर गौरीच्या पानाचा फोटो पाठवला. मिठूने तो मोठा करून पाहिला.

"मा, हा तर खेकडा! तुमची देवी खेकडा खाते? आणि मला बारा वर्षं डाळ वाटायला लावली?"

संजय म्हणाला, "काहीतरीच. आपली गौर गोडाची."

तो खोटं बोलत नव्हता. चिंबोऱ्यांचं पान उचललं तेव्हा तो रांगत होता, पुढे त्याने दुसरं काही पाहिलंच नाही. लेलेवहिनी एक वाक्य बोलून घरी गेल्या. पोराच्या पानातून त्याचं गाव काढलं ते मी, दर वर्षी, स्वतःच्या हाताने.

यंदा मिठूने बजबजच्या बाजारातून जिवंत चिंबोऱ्या आणल्या. एक पिशवीतून सुटून कपाटाखाली शिरली. चाळिशी ओलांडलेला संजय पलंगावर चढून उभा, आणि मिठू चिमटा घेऊन जमिनीवर आडवी. मी इतकी हसले की दातांची कवळी हातात आली.

लेलेवहिनींना मीच फोन केला. "तिखटाची गौर आहे. यायचं तर या."

काठी टेकत आल्या. सगळं ऐकून म्हणाल्या, "मला कुणी कधी सांगितलंच नाही हो."

"तुम्ही विचारलं कुठे?" मी म्हटलं.

त्यांनी दोन वडे खाल्ले, कालवणाकडे बघितलं नाही. संजयने नांगी फोडायचा प्रयत्न केला, बोट कापून घेतलं आणि मग दुसरी मागून घेतली.

भावजय विचारते, आता घर कुठलं म्हणायचं? मी सांगते, गौर जिथे आपलं जेवते ते.

त्या दिवशी दारात आलेल्या चौघींपैकी तिघी गेल्या. लेलेवहिनी आहेत, आणि मी आहे.