हजेरीतलं पहिलं नाव

आमच्या कॅडेट पथकाला नवे प्रमुख येणार असं कळलं तेव्हा मी स्टोअरची खोली आवरायला घेतली. पाहुणे येवोत की तपासणी, मी आधी फडताळं रिकामी करते. कवायतीच्या लाकडी बंदुका एका भिंतीला, बेल्ट आणि टोप्या पत्र्याच्या पेटीत, पाण्याचं पिंप दाराशी, प्रथमोपचाराची पेटी हाताला येईल अशी. रविवारच्या परेडला काय काय लागणार त्याची यादी मी शनिवारीच करून दाराच्या आतल्या बाजूला टाचते. शाळेत शिकवून उरलेल्या वेळात मी पथकासाठी करते ते एवढंच. कवायत मला येत नाही.

पथक कडेगावच्या बाजूचं, सरकारी नव्हे. फौजेतून पेन्शनवर आलेल्या चार माणसांनी ते सुरू केलं आणि सातारचं एक मंडळ त्यावर देखरेख ठेवतं. आसपासच्या गावांतली मुलंमुली रविवारी सकाळी शाळेच्या मैदानावर येतात, आणि त्यांतली बरीच पुढं भरतीला उभी राहतात. शिकवणारे सगळे बिनपगारी. कुणी उसाचं पाणी दुसऱ्यावर सोपवून येतो, कुणी कारखान्याची पाळी बदलून.

या सगळ्यांत जुने म्हणजे हवालदार. आम्ही त्यांना हवालदारच म्हणतो. हजेरी घ्यायचा मान त्यांचा. कागद हातात धरायचे, पण त्याच्याकडं बघायचे नाहीत, कारण सगळी नावं तोंडपाठ. आणि त्यातलं पहिलं नाव त्यांच्या मुलाचं.

मुलगा आमच्याच पथकातला. इथूनच भरती झाला. उत्तरेकडं पोस्टिंग असताना त्याच्या तुकडीची गाडी दरीत कोसळून नदीत गेली. बाकीचे सापडले, हा सापडला नाही. फौजेनं खूप शोधलं, मग तो गेल्याचे कागद पाठवले. साहेबलोक घरी येऊन गेले. चौकाला त्याचं नाव द्यायची गावाची तयारी होती, पण आईनं साफ नको म्हटलं. घरात घड्याळाशेजारी त्याचा गणवेशातला फोटो आहे, त्यालाही तिनं हार घालू दिला नाही.

ते सगळं झाल्यावर हवालदार परत मैदानावर आले त्या रविवारी त्यांनी हजेरी सुरू केली ती मुलाच्या नावानं. मग मागच्या रांगेतून एक मुलगी म्हणाली, "हजर, सर." पुढच्या रविवारी सगळ्या रांगेनं ओ दिली. तेव्हापासून तसंच चालत आलं. नव्या मुलांना जुनी मुलं सांगायची, पहिल्या नावाला सगळ्यांनी ओ द्यायची, का ते विचारायचं नाही. आम्ही मोठी माणसंही त्यावर बोलत नव्हतो. त्याच वेळी हवालदारांची बायको शेळ्या घेऊन कंपाउंडच्या पलीकडं यायची आणि घटकाभर थांबायची. बांधावरचं गवत चांगलं आहे म्हणून थांबत असेल, असं आम्ही धरून चालायचो.

नवे प्रमुख निवृत्त मेजर होते, मूळचे खंडाळ्याकडचे. ताठ, वेळेचे पक्के. माणूस वाईट नव्हता हे मी आधीच सांगून टाकते. आल्या आल्या त्यांनी परेडच्या मधला चहा बंद केला. मग स्वयंसेवकांच्या खुर्च्या उचलायला लावल्या, का तर मुलं उभी असताना आपण बसायचं नाही. मग सगळ्यांना गळ्यात ओळखपत्रं. मला यातलं काहीच गैर वाटलं नाही, पण मैदानाकडेच्या ज्या शेडमध्ये आम्ही स्वयंसेवक जमतो तिथं माझ्या वाटण्याला फारसं गिऱ्हाईक नव्हतं.

"आवं बाई," पीटीचे सर म्हणाले, "चहा काढला, खुर्ची काढली. आता आमाला काढायचं तेवढं ऱ्हायलंय."

"तुला कशाला काढतील, गड्या?" एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हर म्हणाले. ते मुलांना धावायला शिकवतात. "तुझ्या ढेरीवर ती पाटी कशी लटकती ते बघायचंय त्यास्नी."

"हसा रं. उद्या तुमच्याबी गळ्यात घंटा बांधतील."

अशी कुरकुर काही आठवडे चालली. मग एका रविवारी परेड संपून हवालदार रानात निघून गेल्यावर मेजर हजेरीचा कागद घेऊन शेडमध्ये आले.

"हे पहिलं नाव कोणाचं? रांगेत तर असा कोणी मुलगा नाही."

पीटीचे सर म्हणाले, "जुनं हाय साहेब ते. तसंच असतंय."

"तसंच असतं म्हणजे? मैदानावर नसलेल्या मुलाला अख्खं पथक हजर म्हणतं? मंडळाकडं बोगस पटाच्या तक्रारी आहेत. मी त्यांना काय सांगू?"

मेजरनी खिशातून पेन काढलं, त्या नावावर रेघ मारली आणि पुढच्या आठवड्यापासून नवा छापील कागद येईल असं सांगून ते गेले.

त्यांची गाडी फाटकाबाहेर पडली आणि शेड पेटलं. एवढा राग मी त्या लोकांत कधी पाहिला नव्हता. मेलेल्या पोराचं नाव खोडतो, ह्याला काळीज हाय का न्हाई, ह्यो कसला फौजी! बोलता बोलता चहाही त्यात आला, खुर्च्याही आल्या, ओळखपत्रंही आली. शेवटी ठरलं ते असं, की येत्या रविवारी एकाही स्वयंसेवकानं मैदानावर जायचं नाही. मेजरला रिकामं मैदान बघू दे.

"आणि हवालदारांना कोण सांगणार?" मी विचारलं.

"त्यांना नगं सांगायला," ड्रायव्हर म्हणाले. "वरनं हुकूम आला म्हटल्यावर त्यो माणूस मोडायचा न्हाई, आन् आपल्यालाबी मोडू द्यायचा न्हाई. शिवाय ह्या आठवड्यात मोटरंला लाइट सकाळची हाय. ते रानातच असनार."

मला ते पटलं. मेजरना हे नाव कुणाचं ते माहीत आहे का, हा प्रश्न त्या शेडमध्ये कुणाला पडला नाही. आम्हाला सगळ्यांना ते इतकं माहीत होतं.

रविवारी मी घरी थांबायचं कबूल केलं होतं, पण स्टोअरच्या किल्ल्या माझ्याकडं होत्या. मोठ्यांचा रुसवा असला तरी मुलं येणार, ऊन होणार, पाण्याचं पिंप आत कुलपात. किल्ल्या फाटकावरच्या शिपायाकडं द्याव्यात आणि मागं फिरावं, एवढंच ठरवून मी गेले.

मैदानावर मुलांच्या रांगा लागलेल्या होत्या. समोर मेजर, आणि त्यांच्या शेजारी हवालदार. रानातली लाइट गेली, मोटर बंद पडली, म्हणून ते तसेच निघून आले होते. पायावर चिखल वाळलेला.

"तुम्ही एकटेच आलात," मेजर म्हणत होते. "बाकीच्यांचं नंतर बघू. घ्या हजेरी." आणि त्यांनी नवा कागद पुढं केला.

हवालदारांनी तो घेतला आणि त्या दिवशी त्याच्याकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. रांगेतल्या मुलांनी पहिल्या नावाला ओ द्यायला श्वास भरून घेतला होता, ते मला फाटकातूनही दिसत होतं. कंपाउंडच्या भिंतीपलीकडं शेळ्या होत्या. त्याही दिवशी हवालदारांची बायको आली होती.

हवालदारांनी कागदावरचं पहिलं नाव वाचलं. ते आजवर दुसरं असलेलं नाव होतं, पुढच्या रांगेतल्या एका मुलीचं. तिला ते आपलंच आहे हे कळायला वेळ लागला. "हजर, सर" असं ती कसंबसं म्हणाली. मग पुढचं नाव, त्याच्या पुढचं. आवाज नेहमीचाच, कुठं हलला नाही. शेवटचं नाव झाल्यावर त्यांनी वळून सॅल्यूट केला.

"सगळे हजर, साहेब."

भिंतीपलीकडं तिनं शेळ्यांना हाकलायला सुरुवात केली. एवढ्या जोरानं ती त्यांच्यावर कधी ओरडली नव्हती.

मी सरळ मेजरकडं गेले आणि ते नाव कुणाचं होतं ते सांगितलं. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"मॅडम, हे मला कोणीच का नाही सांगितलं?"

मग ते नळाकडं निघाले, तिथं हवालदार पाय धूत होते. मी मागोमाग गेले.

"हवालदार, माझी चूक झाली. मला ठाऊक नव्हतं. पुढच्या रविवारी ते नाव पहिलंच असेल."

हवालदार ओल्या पायांनीच सावधान उभे राहिले. "आता नगं, साहेब."

"अहो, पण का?"

"तुमी कागदावरनं काढलं त्याचं काय न्हाई. हजेरी मी घेतली. पोराला मीच वगळलं. आता परत घेतलं तर ते नाटक हुईल." नळ बंद करून ते म्हणाले, "त्याची आई ऐकत हुती."

मग माझ्याकडं वळून म्हणाले, "बाई, तेवढं पिंप बाहेर काढा. पोरं तापल्यात."

पुढच्या रविवारी सगळे स्वयंसेवक परत आले. मेजरनी त्यांना एका शब्दानं विचारलं नाही. उलट चहा पुन्हा सुरू केला आणि खुर्च्याही मांडायला सांगितल्या. पीटीचे सर बशीत चहा ओतत म्हणाले, "बघितलंत न्हवं बाई? वाकला का न्हाई साहेब!" ड्रायव्हर मात्र खुर्चीत बसले नाहीत. मैदानाच्या कडेला उभे राहून ते फाटकाकडं बघत होते. हवालदार आले नव्हते. भिंतीपलीकडं शेळ्याही नव्हत्या. आता ती कालव्याच्या बाजूनं जाते, असं एका मुलानं सांगितलं.

हवालदारांची शिट्टी आणि छडी स्टोअरमध्येच राहिली होती. एखादी वस्तू ज्याची त्याच्याकडं गेली नाही की मला चैन पडत नाही. दोन्ही पिशवीत घालून मी त्यांच्या घरी गेले. ते रानात होते. तिनं मला आत बसवलं, पिशवी घेऊन कोपऱ्यात ठेवली आणि चूल पेटवून चहा टाकला. मैदानाचं काही विचारलं नाही.

घड्याळाशेजारच्या फोटोला हार होता. चंदनाच्या सालपटांचा, नवा, पांढरट पिवळा.

मी बघतेय हे तिच्या ध्यानात आलं.

"बाजारातनं म्याच आनला," ती म्हणाली. "फुलाचा रोज बदलाय लागतोय."