दोन शिट्ट्या

घळीत उतरायला मे महिना बरा. पाणी नसतं, शेवाळाच्या वाळून खपल्या झालेल्या असतात, कातळावर बूट धरतो. ऊन असतं, पण उन्हाची तयारी करता येते: भरपूर पाणी, मीठ-साखर, पूर्ण बाह्यांचे शर्ट, सकाळी लवकर सुरुवात. मी मोहोपाड्याला एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये आहे. सामान मोजून द्यायचं आणि मोजून परत घ्यायचं, हेच काम. त्यामुळे घरातल्या दोर, हार्नेस, हेल्मेटचा कारभारही माझ्याकडे आला.

आम्ही तिघं जायचो. मी, माझा नवरा आणि भिसेगावात राहणारा माझा धाकटा भाऊ. वेड मूळ भावाचं. तो स्वतःचा टेंपो चालवायचा, आणि शनिवार-रविवारी भाडं नसलं की कड्यांवर. आम्ही दोघं चाळिशी उलटल्यावर त्याच्याकडून शिकलो.

घाटमाथ्यावरून कर्जतच्या बाजूला उतरणाऱ्या या घळी म्हणजे पावसाळ्यातले धबधबे. उन्हाळ्यात तिथे कातळाचे नुसते टप्पे उरतात, एकेक दोन-तीन मजली. वर कातळात ठोकलेल्या बोल्टच्या कडीतून दोर दुहेरी ओवायचा, त्यावरून एकेकाने उतरायचं, आणि शेवटचा माणूस खाली आला की दोर एका टोकाने ओढून घ्यायचा, कारण पुढच्या टप्प्याला तोच लागतो. दोर ओढला की वर जायची वाट संपली. मग बाहेर पडायचं ते खालूनच.

घळीत आवाज घुमतो, शब्द कळत नाहीत. म्हणून शिट्ट्या. एक म्हणजे थांब. दोन म्हणजे मी ठीक आहे. तीन म्हणजे मदत हवी. समोरच्याने दोन वाजवल्या की आपण कसे आहोत ते वाजवून सांगायचं, हा आमचा नियम होता.

त्या शनिवारी पायथ्याच्या वाडीत ओळखीच्या मामांच्या अंगणात गाडी लावली. मी सामान मोजत होते, तोवर मामा खाटेवरून बघत होते.

"येड लागलंय काय तुमाला? असल्या उन्हात कातळावं लोंबकळायला कोन पैशे देतं रं?"

"कोणी नाही देत मामा, आम्हीच घालवतो," भाऊ म्हणाला. "आणि ताईचा पसारा बघा. कुकर राहिला का गं?"

"तुझी अक्कल राहिली, तिला पिशवी पुरेना," मी म्हटलं.

मामा हसले. मग वर बघून म्हणाले, "उद्या लवकर या खाली. हवा बरी नाय."

हवा म्हणजे नुसती भट्टी होती, ढगाचा ठिपका नव्हता. जुन्या पायवाटेने माथ्यावर गेलो, तिथेच मुक्काम केला. अंधार पडताना लांब पूर्वेला वीज चमकताना दिसली. आवाज नव्हता.

सकाळी आभाळ मळकट होतं. नवऱ्याने आदल्या संध्याकाळच्या विजेची आठवण काढली.

"ती तिकडे देशावर, भावोजी," भाऊ म्हणाला. "आपल्याला काय करायचंय?"

निर्णय माझ्यावर आला. दुपारच्या पावसाच्या आत बाहेर पडता येत असेल तर जायचं, नाहीतर नाही, असं मी म्हटलं. हिशेब केला, वेळ पुरत होता. उतरलो. थोड्या वेळात मळभ विरलं आणि ऊन चढलं.

तिसऱ्या टप्प्यावर दोर अडकला. ओढून घेताना तो वर एका भेगेत बसला आणि तिघांनी लटकून ओढला तरी हलेना. भाऊ चढला. हात भाजणाऱ्या कातळावरून इंच इंच चढून त्याने तो सोडवला आणि परत आला. यात राखून ठेवलेला सगळा वेळ गेला.

आणि मग गार वारा सुटला. सकाळपासून तापलेल्या दगडांत बसलेल्या माणसाला मे महिन्यातला गार वारा काय वाटतो हे या भागात सांगायला नको. नवऱ्याने हेल्मेट काढलं. भाऊ आडवा झाला. मीच डबा उघडला, तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी वाढली. डोक्यावर आभाळाची अरुंद पट्टी दिसत होती, ती निळी होती. ढग होते ते आमच्या पाठीमागे माथ्यावर, आणि तो वारा तिथल्या पावसावरून येत होता.

शेवटचा टप्पा उरला. मी आधी उतरले, मग नवरा. त्याने वर भावाला दोन शिट्ट्या दिल्या, म्हणजे मी ठीक उतरलो, दोर मोकळा, ये. तेवढ्यात डंपरमधून खडी ओततात तसा आवाज वरून आला. आम्ही कडेच्या उंचवट्यावर धावलो. पाणी पडलं ते पाण्यासारखं नव्हतंच. चहाच्या रंगाचं, काटक्या, पालापाचोळा, कुणाची तरी चप्पल, आणि आत दगड. आमचा दोर त्या लोंढ्याखाली दिसेनासा झाला. भाऊ दिसत नव्हता.

मी दोन शिट्ट्या वाजवल्या. काही नाही. परत वाजवल्या, वाजवत राहिले. मग वरून आल्या. दोन.

मी खाली बसले. नवरा रडत होता आणि हसतही होता.

मामा वाडीतली माणसं घेऊन आले. "पोरगा वर हाय?"

"वर आहे. ठीक आहे, शिट्टी येतेय."

"मंग ऱ्हाऊ द्या तितंच. ह्या पान्यात कोन चढंल?"

मी फोन केले. खालापूरकडून बचावाला जाणारी मुलं आली, दोर आणि दिवे घेऊन. संध्याकाळी पाणी ओसरलं, पण पाऊस पुन्हा लागला आणि कातळ साबणासारखा झाला. त्यांच्यातला मोठा माझ्याजवळ आला.

"ताई, एकच सांगा. लागलंय का त्याला? लागलं असेल तर आत्ताच चढतो, होईल ते होईल. नसेल तर उजाडल्यावर."

मी शिट्टी तोंडाला लावली. दोन वाजवल्या. वरून दोन आल्या, स्वच्छ, एकसारख्या.

"उजाडल्यावर," मी म्हटलं.

सकाळी मुलं चढून गेली. थोड्या वेळाने वरून शिट्टी ऐकू आली. तीन. ती भावाची नव्हती, त्या मुलांची होती.

लोंढ्यातून बाजूच्या कपारीत चढताना एका दगडाने त्याची डावी नडगी चेचली होती. रक्त थांबेना म्हणून त्याने गुडघ्याच्या खाली पट्टी आवळून बांधली आणि रात्रभर तशीच ठेवली; खालचा पाय रक्ताविना मेला. पनवेलच्या डॉक्टरांनी फार समजावत बसण्यात वेळ घालवला नाही. पाय गुडघ्याखाली काढला.

तो बोलण्याइतका सावरल्यावर मी विचारलं, "तीन का नाही वाजवल्यास?"

"भावोजी चढले असते. त्यांच्यामागे तू."

"मुलं आली होती रे. दिवे होते, दोर होते."

"मला वरून काय दिसत होतं? मला तुम्ही दोघंच माहीत." मग तो म्हणाला, "आणि पहिल्यांदा वाजवल्या तेव्हा एवढं लागलंय असं वाटलं नव्हतं गं. एकदा ठीक म्हटल्यावर मग..."



नातेवाईक म्हणतात, बहिणीसाठी केलं त्याने. भेटायला येणारे माझ्याकडे बघून मान हलवतात. मी आभार मानावेत अशी त्यांची अपेक्षा असते. मला राग येतो, अजूनही. मला विचारून नव्हतं केलं. मला खरं कळलं असतं तर ती मुलं चढली असती, कदाचित त्यांच्यातला एखादा पडला असता, कदाचित पाय वाचला असता. ते ठरवायचं काम माझं होतं आणि ते करायला लागणारी एकच गोष्ट त्याने मला दिली नाही. हे मी त्याला एकदा बोलून दाखवलं. तो म्हणाला, "बरं." टेंपो विकला त्या दिवशीही तो एवढंच म्हणाला. क्लच डाव्या पायाचा.

सामान मी तसंच ठेवलं आहे, वाळवून, गुंडाळून. कुणी मागितलं तर देईन.

आता तो कृत्रिम पाय लावून फिरतो. फोन केला की मी विचारते, "कसा आहेस?"

"ठीक."

मी फोन ठेवते आणि स्कूटर काढते. चौकवरून कर्जतचा रस्ता धरते, भिसेगावात पोचते. मागच्या आठवड्यातही गेले. तो दारात खुर्चीवर बसला होता, पायजमा नीट खाली ओढलेला.

"आलीस का परत? अगं, म्हटलं ना ठीक आहे."

"पाय काढ."

"ताई, काही नाही गं."

"काढ."

त्याने पट्टे सोडले. आतला मोजा घासून झालेल्या जखमेला चिकटला होता. मी कोमट पाणी आणायला आत गेले.