समजलं का, हे मी विचारत नाही

वर्गात मी 'समजलं का?' असं कधीच विचारत नाही. सोनईजवळच्या आमच्या शाळेत या प्रश्नाला एकच उत्तर मिळतं, तेही एका सुरात: 'व्हय मॅडम!' मुलं खोटारडी नाहीत. 'न्हाई समजलं' म्हटलं तर मॅडमना शिकवता येत नाही असा अर्थ होईल, म्हणून ती बिचारी माझी अब्रू राखतात. माझी अब्रू राहते आणि त्यांचं गणित बुडतं. असला मान मला नको.

म्हणून मी खडू मुलांच्या हाती देते आणि स्वतः बाकावर जाऊन बसते. शिक्षकाला बोलता आलं पाहिजे, असं लोक म्हणतात. मी म्हणते, गप्प बसता आलं पाहिजे. माझ्यासारख्या तोंडाळ बाईला ते किती जड जातं, ते माझ्या घरच्यांना विचारा.

नववीतली एक मुलगी 'व्हय मॅडम' म्हणण्यात सगळ्यांच्या पुढे असायची. सहामाहीत गणितात आपटली. घोडेगावच्या बाजारातून परतताना तिचे वडील शाळेत आले.

"हिचा दाखला द्या मॅडम. घरी गायी वाढल्यात, हिच्या आईला एकटीला उरकत न्हाई. अन् हिला काय गणिताचं डोकं न्हाई."

मला रागच आला. "डोकं आहे की नाही ते मी सांगेन. पुढच्या बाजारी या, मग दाखल्याचं बोलू."

दुसऱ्या दिवसापासून फळ्यापाशी तीच. आधी ती नुसती उभी राहायची. वर्ग हसला, त्याला मी दटावलं आणि पुन्हा गप्प बसले. मग एकदा ती फळ्याकडे तोंड करून पुटपुटली, "हितपर्यंत कळतंय. फुडं न्हाई." मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! कुठं अडलंय ते कळलं की शिकवणं सोपं असतं.

ठरल्याप्रमाणे वडील आले, तेव्हा ती समीकरणाच्या दोन्ही बाजूंतून पाच वजा करून दाखवत होती आणि मी बाकावर होते. पोरगी फळ्यापाशी आणि मॅडम बाकावर, हे त्यांना काही पटलं नाही. तरी मी सरकून जागा केली तसे टेकले. थोडा वेळ बघत राहिले आणि मध्येच म्हणाले, "थांब. पाच दोन्हीकडनं का काढायचे?"

मुलीने माझ्याकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघतेस? तुला विचारलंय."

ती वडिलांकडे वळली. "दादा, तराजूच्या एकाच पारड्यातनं काढलं, तर काटा सरळ ऱ्हाईल का?"

त्यांनी विचार केला. सगळ्या वर्गादेखत म्हणाले, "न्हाई समजलं. परत सांग."

तिने फळा पुसला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. दाखला मागायला ते पुन्हा आले ते ती दहावी पास झाल्यावर, नगरच्या कॉलेजात घालायचं म्हणून.