चकलीखालचा बदाम

खराडीतल्या ऑफिसात मी दिवसभर मोबाइलच्या पडद्यावर कुठलं बटण कुठे असावं हे ठरवतो. याला काम म्हणतात, हे सासूबाईंना कधीच पटलेलं नाही.

म्हणून दिवाळीच्या तोंडावर बिबवेवाडीत त्यांनी पहिल्यांदाच चकल्या करून विकायचं ठरवलं, तेव्हा ऑर्डरींसाठी ॲप करून द्यायचं मी स्वतःहून कबूल केलं. (कुणी मागितलं नव्हतं!) चार किलो भाजणी दळून आली होती. सासूबाई सोऱ्या घेऊन ऑर्डरींची वाट बघत बसल्या.

ॲप काय देखणं झालं होतं म्हणून सांगू! पांढऱ्यावर फिकट राखाडी, नाजूक अक्षरं. 'ऑर्डर द्या' असले ढोबळ शब्द मी ठेवलेच नाहीत. चकल्यांचं ताट धरलेल्या सासूबाईंचा हसरा फोटो आणि खाली छोटासा लाल बदाम. तो दाबला की झाली ऑर्डर!

दुपारपर्यंत एकही आली नाही.

"आई, लोकांचं नेट बंद असेल."

"अख्ख्या सोसायटीचं?"

शेवटी मी तिसऱ्या मजल्यावरच्या देवधरकाकांना गाठलं. चकलीसाठी जीव टाकणारा माणूस!

"काका, ॲप उघडलंत ना?"

"उघडलं. अक्षरं दिसेनात म्हणून चष्मा बदलला. तरी दिसेनात. दिसला तो फक्त बदाम."

"अहो, मग तोच दाबायचा होता!"

काकांनी स्वयंपाकघराकडे एक नजर टाकली आणि आवाज खाली आणला. "तुमच्या सासूबाईंच्या फोटोखाली? या वयात? आणि ही घरात असताना?"

सोसायटीतल्या झाडून सगळ्या काकांनी हाच संयम पाळला होता.

परत येतो तो एक ऑर्डर आलेली! सासऱ्यांची.

"फोटो छान आलाय, म्हणून दाबलं," ते म्हणाले. सासूबाई आधी लाजल्या, मग भाजणीच्या डब्याकडे बघून भडकल्या. त्यांनी खोक्याचा पुठ्ठा फाडला आणि जाड काळ्या मार्करने लिहिलं: 'चकली मिळेल. हवी असल्यास बेल वाजवावी. चव कशी, हे विचारू नये.'

पुठ्ठा जिन्याशी लागला आणि संध्याकाळपर्यंत भाजणी संपली. ठळक अक्षरं, काय करायचं ते सरळ शब्दांत! ऑफिसात नव्या मुलांना मी हेच शिकवतो. मला खरंच लाज वाटली.

डबे पोचवायला सासूबाईंनी मलाच बरोबर घेतलं. प्रत्येक दारात त्या माझी ओळख करून देत होत्या, "हे आमचे जावई. ॲप यांनीच केलं होतं. तरीसुद्धा ऑर्डरी आल्या!"