झडीच्या कागदातलं भोक

चादर नाकाला लावली आणि सुनेकडे बघितलं.

"सविता, वास मारतीय."

"मारतीय कसली मामंजी, बोंबलतीय. अन् अजून ओलीच हाय. काल सकाळपासनं दोरीवर हाय."

आमची लॉन्ड्री लोणावळ्यात, भुशीच्या रस्त्याला. हॉटेलांच्या चादरी, अभ्रे, टॉवेल धुतो. मोठं गिऱ्हाईक एकच, वरच्या अंगाचं रिसॉर्ट. शनिवारी तिथल्या सगळ्या खोल्या भरणार होत्या. शुक्रवारी दुपारपर्यंत चादरी पोचल्या नाहीत तर काम तळेगावच्या मशीनवाल्या लॉन्ड्रीला देणार, असं तिथले मॅनेजर कुलकर्णी साहेब फोनवर सरळ बोलले होते. ते काम गेलं की इस्त्रीवरच्या बायांना घरी बसवावं लागणार. आणि हा बुधवार होता.

माझी शाळा चौथीपर्यंत. धुणं मला येतं. डाग कशानं जातो ते विचारा, सांगतो. पण वाळवणं माझ्याकडे कधीच नव्हतं. ते पारूचं खातं. पारू म्हणजे माझी बायको. माघात गेली. तिच्याशिवायचा हा पहिला पावसाळा. रडगाणं गायला मी बसलो नाही, पण हे सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

आता आमच्या सुकवायच्या खोलीची गोष्ट. पावसाळ्यात लोणावळ्यात बाहेर काही वाळत नाही. धुकं दारातनं आत येऊन पाट मागतं. म्हणून मागं एक लांब खोली आहे, वर पत्रा, बाजूनं बांबूच्या तट्ट्या. आत दोऱ्या, कोपऱ्यात लाकडाची भट्टी, भट्टीचा धूर पाइपातनं बाहेर. चादर आधी हायड्रोत फिरवायची. हायड्रो म्हणजे गरगर फिरून कपड्यातलं पाणी काढणारं मशीन. मग दोरीवर. पारूच्या राज्यात रात्री टाकलेली चादर सकाळी इस्त्रीला जायची.

आणि आमच्याकडे पावसाआधी झड बांधतात. झड म्हणजे वाऱ्यानं आडवा मारणारा पाऊस. तो भिंतीत मुरू नये म्हणून घराला बाहेरून प्लास्टिकचा कागद बांधायचा. सगळ्या मावळात बांधतात. ज्याची झड चांगली बांधलेली, तो कर्ता माणूस. यंदा मी सुकवायच्या खोलीला कोरा जाड कागद घेतला आणि असा बांधला की मुंगीनं आत जायला परवानगी मागावी. दरवर्षी माझ्या कागदाला वरच्या बाजूला, पत्र्याच्या खाली, माकडं भोक पाडायची. यंदा तिथं डबल कागद मारला. चार लोकांना नेऊन दाखवलासुद्धा.

तरी चादरी ओल्या. बुधवारी आत गेलो तर वरनं टपकन थेंब मानेवर. वर बघितलं. पत्र्याला आणि कागदाला आतनं थेंबच थेंब, ओळीनं बसलेले.

"गळतंय," मी म्हणालो.

"कुटनं गळंल?" सविता म्हणाली. "भोक तर एकबी न्हाई. तुमीच सांगत फिरताय."

"तुला काय कळतंय? पाणी आत आलंय म्हणजे गळतंय."

शिडी लावली. सगळीकडे आणखी एक कागद बांधला. दाराखाली फट होती, तिथं पोतं कोंबलं. भट्टीत लाकडं वाढवली. म्हटलं, आता बघतो कशा वाळत नाहीत.

गुरुवारी सकाळी दार उघडलं तर तोंडावर भपकाराच आला. भात उकडताना झाकण काढावं तसा. चादरी कालच्यापेक्षा ओल्या. आणि वरनं टपटप चालूच. इस्त्रीवरची मंदा दारात येऊन उभी राहिली. पारूच्या हाताखाली वाढलेली बाई, तोंडानं फटकळ.

"आबा, हितं बटाटं ठिवा. उकडून निघतील."

"तुझी इस्त्री बघ."

तेवढ्यात गाडीचा आवाज. कुलकर्णी साहेब स्वतः आले. काम काढून घ्यायचं तर तोंडावर सांगावं म्हणून आले असणार. माणूस तसा सभ्य. ते खोलीत शिरले आणि त्यांच्या चष्म्यावर धुकं चढलं. चष्मा पुसला, परत चढलं. मग ते हसायलाच लागले.

"आबा, ही कपडे सुकवायची खोली नाही. ही आमची स्टीम बाथ आहे. आम्ही लोकांना यात घाम काढायला बसवतो."

"साहेब, चेष्टा नका करू. गळती हाय. काढतो मी."

"गळती? वर बाहेरून पाणी येतंय?"

"येतंय म्हणजे काय, मानेवर पडलं माझ्या."

त्यांनी सविताकडे थंड पाण्याचा तांब्या मागितला. भरलेला तांब्या खोलीत स्टुलावर ठेवला. बघता बघता तांब्या बाहेरून ओला झाला.

"आता सांगा आबा, तांब्या गळतोय का?"

मी तांब्या उचलून बूड बघितलं. खरंच बघितलं. मंदा तोंडाला पदर लावून हसली.

"तांब्या न्हाई गळत," मी म्हणालो.

"मग पाणी आलं कुठून? हवेतून. चादरीतलं पाणी हवेत गेलंय, दिसत नाही इतकंच. पण हवा किती पिणार? तिचंही पोट भरतं. पोट भरलं की चादरीतलं पाणी चादरीतच राहतं. आणि ती हवा गार कागदाला टेकली की पोटातलं ओकते. तेच तुमच्या मानेवर पडलं."

साहेबांनी ड्रायव्हरला पाठवून रिसॉर्टच्या स्टीम बाथमधला मीटर आणवला. हवा पाण्यानं किती भरली ते तो दाखवतो. शंभर म्हणजे काठोकाठ. आमच्या खोलीत काटा शंभराला जाऊन टेकला.

"ही हवा बाहेर घालवा आणि नवी आत घ्या," साहेब म्हणाले. "वर एक भोक, खाली एक."

इथं माझं डोकं फिरलं. "साहेब, बाहेर बघा जरा. समोरचं झाड दिसंना. ते धुकं आत घेऊ? मीटर न्या की बाहेर."

नेला. बाहेरही काटा शंभराशी. साहेबांनी मीटर झटकून परत बघितला. आम्ही दोघं त्या मीटरकडे बघत उभे. मला वाटलं, जिंकलो. पण जिंकून करायचं काय? चादरी ओल्याच.

मग साहेब म्हणाले, "आबा, वाटी काठोकाठ भरली आणि हंडा काठोकाठ भरला, पाणी सारखंच का?"

"न्हाई. हंड्यात लय."

"बाहेरची गार हवा म्हणजे वाटी. भरलेली आहे, पण वाटीच. ती आत आली, भट्टीनं तापली, की तिचा हंडा होतो. पाणी वाटीभरच, जागा हंड्याची. आता ती चादरीकडे मागत सुटणार."

मला हे पटायला जरा वेळ लागला. धुकं आत घेऊन कपडे वाळवायचे, हे ऐकून कुणीही हसेल. पण शुक्रवार दुपार जवळ आली होती आणि माझ्याकडे दुसरा इलाज नव्हता. म्हणालो, "ठीक. कापतो. पण कागद कोरा हाय, एवढं ध्यानात ठेवा."

शिडीवर चढलो. कापायचा तर माकडं फाडायची तिथंच कापावा, ती जागा तशीही गेलेली. विळ्यानं कागद चिरला. मागं पत्र्याला आधार दिलेला बांबू दिसला. त्याला लुगड्याच्या दोन चिंध्या बांधलेल्या. एक वर, एक खाली. जुन्या, विटलेल्या. हिरव्या काठाच्या. गाठ अशी की ओढली की सुटावी. कागदाची झडप वर उचलून बांधायची, पाऊस आडवा आला की सोडायची.

ते काठ मी ओळखले. लुगडं मीच आणलं होतं, तळेगावच्या बाजारातनं.

"मंदे," मी वरनंच ओरडलो, "हितं माकडं कवा यायची ग?"

मंदा खाली मान घालून उभी. मग तिला हसू आवरेना. "आबा, माकडं न्हाईत. पारूमावशीच कापायच्या. झड बांधून तुमी खाली उतरला की विळा घिऊन वर. म्हनायच्या, त्यास्नी सांगू नगंस, कोऱ्या कागदासाठी गाव गोळा करतील."

"अन् तू आत्ता सांगतीस?"

"मला काय ठावं त्यानं चादरी वाळत्यात? मला वाटलं उजेडासाठी कापत्यात! मावशी तर मला इस्त्रीवरनं हलू द्यायच्या न्हाईत."

सविता पोतं ओढत होती. ती म्हणाली, "अन् मामंजी, ती वीट? आत्याबाई दाराला वीट लावायच्या, तुमी येता-जाता लाथ मारायचा."

वीट. दार उघडं राहावं म्हणून लावलेली. 'गारठा येतोय' म्हणून मी ती रोज उडवायचो आणि ती रोज परत जागेवर असायची. वर भोक, खाली फट. पारूनं कुठला मीटर आणला होता? विचारायला ती नाही. तिनं कधी सांगितलं नाही, मी कधी विचारलं नाही. आमच्या संसाराची रीतच तशी. भांडणं मोठ्यानं, शहाणपण गुपचूप.

मी शिडीवर जरा जास्तच वेळ थांबलो. खाली साहेब चष्मा पुसत होते. मग मी झडप उचलली आणि तिच्याच चिंधीनं बांधली.

वरनं वाफ निघाली ती दिसत होती. दाराला वीट लावली, खालनं गार हवा पायाला लागली. भट्टी ढणढण ठेवली. दुपारपर्यंत कागदावरचे थेंब गेले. मीटरचा काटा उतरला. संध्याकाळी मंदानं एक चादर गालाला लावली आणि म्हणाली, "आबा, पापड झालाय."

शुक्रवारी टेम्पो वेळेत गेला. काम राहिलं. बाया राहिल्या. कुलकर्णी साहेबांनी मीटर इथंच ठेवलाय, म्हणतात स्टीम बाथला तुमच्याइतकी गरज नाही.

धडा काय? झड बांधा, जरूर बांधा. पण ओल बाहेरूनच येते असं समजू नका. निम्मी आपणच आत कोंडलेली असते. तिला जायला वाट ठेवा.

वीट आता मीच लावतो. काल सवयीनं पाय उचलला होता. मग आठवलं, उडवली तर परत जागेवर ठेवणारी कुणी नाही. पाय खाली घेतला आणि बाजूनं गेलो.

माकडं अजून पत्र्यावर येतात. त्यांना आता मी शिव्या देत नाही.